खुर्द्याची गणती

पानिपत हा शब्द कानी पडला की मराठी माणसाच्या मनात एक जुनी जखम ठसठसते. आपल्या बोलीत तर तो सर्वनाशाचा पर्यायच होऊन बसला आहे. १४ जानेवारी १७६१ च्या संग्रामाची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून, आणि तीही सांकेतिक भाषेत कळली, हे वाचकांना ठाऊकच आहे. पडलेल्या थोरांची संख्या त्यात मोती आणि मोहरा यांच्या रूपाने दिली होती. उरलेल्यांविषयी एवढेच कळविले होते की, खुर्दा किती गेला त्याची गणती लागत नाही. थोरांची मोजदाद व्हावी आणि सामान्यांची होऊ नये, हा त्या काळचा रिवाजच होता.

आज त्याच पानिपतहून आलेल्या एका पत्रास उत्तर द्यावयाचे आहे. पत्र लिहिणारे सद्गृहस्थ मूळचे सातारा जिल्ह्यातील. नोकरीनिमित्त अनेक वर्षे ते पानिपतला सहकुटुंब राहत आहेत. त्यांची थोरली कन्या गणित व संख्याशास्त्र हे विषय घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षात शिकते. पुढे जीवसांख्यिकी या विषयात एम.एस्सी. करावे असे तिने ठरविले आहे. आप्तेष्टांचा सल्ला मात्र असा की, बी.एड. करून तिने शिक्षिका व्हावे आणि दोन वर्षांत तिचे हात पिवळे करावेत. वडिलांनी तीन प्रश्न विचारले आहेत. माणसांचे आकडे मांडणे ही विद्या आहे की कारकुनी? प्रवेशासाठी अर्ज कोठे आणि कसा करावा? आणि एवढा खर्च करून मुलीला दूर धाडावे काय? पत्राच्या शेवटी त्यांनी लिहिले आहे, ‘मुलगी म्हणते, ज्या गावात मी वाढले त्या गावाचे आकडे मला वाचता आले पाहिजेत.’

वाचकहो, हे शेवटचे वाक्य फार मोलाचे आहे. तिन्ही प्रश्नांची उत्तरे त्यातूनच शोधू या.

विद्या की कारकुनी?

रोग, औषधे, आहार, जन्म आणि मृत्यू यांविषयी जी माहिती गोळा होते तिच्यातून खात्रीलायक निष्कर्ष कसा काढावा आणि त्या निष्कर्षात चूक होण्याचा संभव किती, हे सांगणारे शास्त्र म्हणजे जीवसांख्यिकी. आकडे गोळा करणे हा तिचा आरंभ होय. कोणते आकडे गोळा करावेत, किती माणसांचे करावेत, आणि दोन गटांत दिसणारा फरक खरा की योगायोगाचा, हे ठरविणे हे तिचे खरे काम.

आपल्याच देशातील एक उदाहरण घ्या. क्षयरोग्याला सॅनेटोरियममध्ये ठेवल्यावाचून गत्यंतर नाही, अशी एके काळी समजूत होती. भारतात रोगी लाखो आणि खाटा थोड्या. १९५६ मध्ये मद्रास येथे क्षयरोग रसायनोपचार केंद्र निघाले. तेथील संशोधकांनी सुमारे दोनशे रोग्यांची दोन गटांत विभागणी केली. कोणी सॅनेटोरियममध्ये जावयाचे आणि कोणी घरी राहून औषध घ्यावयाचे हे डॉक्टरांच्या मर्जीने ठरले नाही, रोग्याच्या ऐपतीनेही ठरले नाही, ते चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निव्वळ दैवगतीवर सोपविले. औषध दोन्हीकडे सारखेच होते. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरी राहिलेले रोगी सॅनेटोरियममधील रोग्यांच्या जवळजवळ बरोबरीने सुधारले होते, आणि त्यांच्यामुळे घरच्या माणसांना रोगाची बाधा अधिक झाली असेही आढळले नाही. क्षयरोग्याला घरातून बाहेर न काढता बरे करता येते, ही गोष्ट सिद्ध झाली ती अशी.

ही विभागणी दैवगतीवर का सोपवावी लागली, हे समजून घेणे अगत्याचे आहे. डॉक्टरांनी स्वतः निवड केली असती तर अधिक आजारी माणसे त्यांनी सहजच सॅनेटोरियममध्ये धाडली असती. मग घरचा गट आधीच बरा असल्यामुळे बरा दिसला असता आणि तुलना फसली असती. औषध शोधणे हे एक कौशल्य, औषधाची परीक्षा न्यायाने घेणे हे दुसरे. या दुसऱ्या कौशल्यास कारकुनी म्हणणे योग्य होणार नाही.

पानिपतचा आकडा

आता पत्रलेखकांच्या गावाकडे वळू. २२ जानेवारी २०१५ रोजी ‘बेटी बचाओ, बेटी पढाओ’ या योजनेचा आरंभ पंतप्रधानांच्या हस्ते पानिपत येथे झाला. पानिपतची निवड सहेतुक होती. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे देशात ९१८ मुली होत्या. हरियाणात त्या अवघ्या ८३४ होत्या. महाराष्ट्रातील वाचकांनी हे वाचून निःश्वास टाकण्याचे कारण नाही. २००१ मध्ये आपल्याकडे हे प्रमाण ९१३ होते, ते २०११ मध्ये ८९४ वर घसरले. गर्भलिंगचिकित्सेला आळा घालणारा कायदा करण्यात महाराष्ट्र १९८८ मध्ये सर्व राज्यांच्या पुढे होता, आणि १९९४ मध्ये संसदेनेही तसा कायदा केला, तरी घरोघरचे मन बदलणे कायद्याला सोपे गेले नाही.

हा आकडा वाचावयाचा कसा? निसर्गतः साधारणपणे शंभर मुलींमागे एकशे पाच मुलगे जन्माला येतात. म्हणजे हजार मुलग्यांमागे सुमारे ९५० मुली. आता असे समजा की, एका खेड्यात वर्षभरात चाळीस मुले जन्मली. नियमाप्रमाणे त्यांत एकोणीस-वीस मुली असाव्यात. पण नाणे चाळीस वेळा उडविले तर दर वेळी नेमका निम्मा छाप पडत नाही. कोणीही कोणताही अपराध केलेला नसताना मुलींची संख्या दहापैकी सुमारे आठ वर्षी सोळा ते तेवीस यांच्या दरम्यान कोठेही असू शकेल, उरलेल्या दोन वर्षी ती त्याहीपलीकडे जाईल. सोळा मुली व चोवीस मुलगे झाले तर गावाचे गुणोत्तर ६६७ येते. तेवीस मुली व सतरा मुलगे झाले तर तेच १,३५० च्या वर जाते. पहिल्या वर्षी ज्या गावाची निर्भर्त्सना झाली त्याच गावाचा दुसऱ्या वर्षी हारतुऱ्यांनी सत्कार व्हावयाचा, आणि दोन्ही वेळी गावाने वेगळे असे काहीच केलेले नसावयाचे!

मग हा सारा आकड्यांचा खेळच म्हणावयाचा काय? मुळीच नाही. आता खेड्याऐवजी वीस हजार जन्मांचा हिशेब घ्या. येथे सुमारे ९,७५० मुली अपेक्षित आहेत, आणि नुसत्या योगायोगाने ही संख्या दोनशेहून अधिक इकडेतिकडे क्वचितच होईल. हरियाणात २०१४ मध्ये नोंदलेल्या जन्मांचे गुणोत्तर ८७१ होते. त्या दराने वीस हजार जन्मांत मुली भरतात सुमारे ९,३१०. जवळजवळ साडेचारशे मुली कमी! हा दैवाचा खेळ नव्हे, येथे माणसाचा हात आहे, असे जीवसांख्यिकी छातीठोकपणे सांगू शकते. चाळीस जन्मांविषयी जी विद्या मौन पाळावयास सांगते तीच वीस हजार जन्मांविषयी साक्ष देते. मौन कोठे पाळावे आणि साक्ष कोठे द्यावी, हे ओळखणे हेच या शिक्षणाचे सार होय.

हरियाणाचे हे गुणोत्तर २०१९ मध्ये ९२३ वर गेले आणि २०२४ मध्ये ९१० वर आले. राज्यात वर्षाला लाखो जन्म नोंदले जातात, म्हणून तेरा अंकांची ही घसरणसुद्धा दुर्लक्षिण्याजोगी नाही. तथापि चांगला अभ्यासक येथे आणखी एक प्रश्न विचारील. हे आकडे नोंदलेल्या जन्मांचे आहेत. पूर्वी मुलींचे जन्म नोंदविण्यात हयगय होत असेल आणि आता ती थांबली असेल, तर एकही मुलगी अधिक जन्मली नसतानाही गुणोत्तर सुधारलेले दिसेल. शिवाय जन्मवेळचे गुणोत्तर आणि सहा वर्षांपर्यंतच्या मुलांचे गुणोत्तर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दुसऱ्यात जन्मानंतर दगावलेल्या बालकांचाही हिशेब येतो. वृत्तपत्रांत दोहोंची सरमिसळ नेहमी होते, आणि मग सरकारची स्तुती करणारे व निंदा करणारे दोघेही चुकतात.

पानिपतचे दुसरे उदाहरण तेथील धंद्याचे. हातमाग, घोंगड्या, सतरंज्या यांसाठी हे शहर प्रसिद्ध आहे. देशोदेशींचे जुने कपडे येथे येतात, त्यांच्या चिंध्या होतात आणि त्यांतून पुन्हा सूत निघते. अशा कामात धूळ फार. या धुळीने कामगारांची छाती बिघडते काय, हे शोधावयाचे आहे. एखादा म्हणेल, कारखान्यात जाऊन किती जणांना खोकला आहे ते मोजावे म्हणजे झाले. पण ज्यांची छाती अगदीच बिघडली ते काम सोडून केव्हाच घरी बसलेले असतात. कारखान्यात सापडतात ते टिकून राहिलेले धडधाकट लोक. त्यांनाच मोजले तर धूळ निरुपद्रवी ठरेल. यास्तव काम सोडून गेलेल्यांच्या घरी जावयास हवे, बिडी ओढणारे व न ओढणारे वेगळे करावयास हवेत आणि धुळीपासून दूर असलेल्या तशाच वयाच्या माणसांशी तुलना करावयास हवी. जो डोळ्यांसमोर नाही त्याला हिशेबात आणणे ही या शास्त्राची पहिली शिकवण आहे.

एका मराठी शास्त्रज्ञाची वाट

पत्रलेखक साताऱ्याचे असल्यामुळे त्यांना त्यांच्याच जिल्ह्यातील एक नाव सांगावेसे वाटते. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचा जन्म १९११ मध्ये सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयातून पदवी घेऊन ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात गेले आणि १९३६ मध्ये त्यांनी संख्याशास्त्रात डॉक्टरेट मिळविली. परत आल्यावर भारतीय कृषी संशोधन परिषदेत त्यांनी पिकांच्या उत्पन्नाचा अंदाज नमुना-पाहणीने घेण्याची पद्धत रुजविली. शेतातील एक लहानसा तुकडा यदृच्छेने निवडावयाचा, त्यातील पीक कापून तोलावयाचे आणि अशा अनेक तुकड्यांवरून साऱ्या जिल्ह्याचे उत्पन्न काढावयाचे. विनायक गोविंद पानसे यांच्यासह त्यांनी लिहिलेला कृषी-संख्याशास्त्राचा इंग्रजी ग्रंथ १९५४ मध्ये निघाला आणि शेतीच्या विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. १९५१ पासून संयुक्त राष्ट्रसंघाच्या अन्न व कृषी संघटनेत ते संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख होते.

पुढे पुण्यास परतल्यावर उपासमारीच्या मोजमापाविषयी त्यांचा वाद झाला. १९७१ मध्ये वि. म. दांडेकर व नीळकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर जो प्रसिद्ध अभ्यास प्रकाशित केला त्यात माणशी दररोज २,२५० कॅलरी ही कसोटी धरली होती. सुखात्मे यांचे म्हणणे असे की, सरासरी गरजेहून कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित समजणे शास्त्रशुद्ध नव्हे. माणसामाणसाची गरज वेगळी असते, आणि एकाच माणसाचा आहारही दिवसादिवसाला बदलतो. स्वच्छ पाणी आणि आरोग्य यांकडे लक्ष दिल्यावाचून नुसते अन्न वाढवून भागणार नाही, यावरही त्यांचा भर होता. विरोधकांना वाटे की, कसोटी खाली आणली तर भुकेलेला माणूस आकड्यांतून अदृश्य होईल. दोन्ही पक्ष विद्वान आणि दोन्ही गरिबांविषयी कळकळ असलेले. वाद होता तो रेघ कोठे ओढावयाची याचा. त्या रेघेच्या अलीकडे वा पलीकडे कोट्यवधी माणसे उभी होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या विद्येची जबाबदारी किती मोठी आहे ते कळून येते.

तयारी कशी असावी?

आता व्यवहाराकडे येऊ. पहिली गोष्ट अशी की, या विषयासाठी वैद्यकीय पदवीची गरज नाही. शरीरशास्त्र व रोगशास्त्र जेवढे लागते तेवढे अभ्यासक्रमातच शिकवितात. गरज आहे ती गणिताची. कलनशास्त्र, रेषीय बीजगणित आणि संभाव्यता या तिहींचा पाया पक्का हवा. डॉक्टर किंवा जीवशास्त्राचे पदवीधर या शाखेकडे येतात तेव्हा त्यांना अडखळविते ते बहुधा गणितच. यास्तव शेवटच्या वर्षात गणिताचा पेपर सोपा म्हणून सोडू नये. गणकयंत्रावर आकडेमोड करण्यासाठी ‘आर’ नावाची प्रणाली विनामूल्य मिळते. ती घरबसल्या शिकता येते आणि पुढे सर्वत्र उपयोगी पडते.

संस्थांपैकी पहिले नाव घ्यावयाचे ते मुंबईच्या देवनार भागातील आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेचे. भारत सरकार, संयुक्त राष्ट्रसंघ व सर दोराबजी टाटा विश्वस्त निधी यांच्या साहाय्याने ती १९५६ मध्ये निघाली. १९८५ मध्ये तिला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. १९९२–९३ पासून होत आलेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहण्यांचे सूत्रसंचालन या संस्थेकडेच राहिले आहे. जीवसांख्यिकी व लोकसंख्याशास्त्र यांची संयुक्त एम.एस्सी. येथे करता येते. वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज, बंगळूरची निम्हान्स ही संस्था आणि मणिपालचे विद्यापीठ येथेही जीवसांख्यिकीची एम.एस्सी. आहे. वेल्लोर व निम्हान्स येथे शिकण्याचा विशेष लाभ असा की, वर्गाच्या भिंतीपलीकडेच रुग्णालय असते आणि प्रश्न पुस्तकातून न येता रुग्णशय्येवरून येतात.

दुसरा मार्ग असा की, आधी संख्याशास्त्रात एम.एस्सी. करावी आणि जीवसांख्यिकीकडे नंतर वळावे. पानिपतच्या विद्यार्थिनीला कुरुक्षेत्र विद्यापीठाचा संख्याशास्त्र विभाग जवळ आहे. महाराष्ट्रात सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा विभाग नावाजलेला आहे. १९३१ मध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी स्थापिलेल्या भारतीय सांख्यिकी संस्थेत एम.स्टॅट. करता येते, पण तिची प्रवेश परीक्षा कठीण असते. मुंबई व कानपूर येथील आयआयटींत संख्याशास्त्राच्या एम.एस्सी.साठी ‘जॅम’ ही परीक्षा द्यावी लागते. कोठेही जावयाचे असले तरी पदवीची अट, गुणांची टक्केवारी, शुल्क आणि शिष्यवृत्ती यांविषयी त्या वर्षीची मूळ सूचना स्वतः वाचावी. ऐकीव माहितीवर विसंबून अर्जाची मुदत हुकल्याची उदाहरणे थोडीथोडकी नाहीत. एका वहीत प्रत्येक संस्थेसाठी एक पान राखावे. अर्जाची शेवटची तारीख, परीक्षेचा दिवस, लागणारी प्रमाणपत्रे आणि भरलेले शुल्क तेथे टिपून ठेवावे. एकाच संस्थेच्या भरवशावर राहू नये. तीन-चार ठिकाणी अर्ज करावेत, आणि त्यांपैकी एक तरी असे असावे की जेथे प्रवेशाची बऱ्यापैकी खात्री आहे.

अर्जातील निवेदन

परदेशी विद्यापीठांत आणि येथील काही संस्थांतही अर्जाबरोबर एक निवेदन मागतात. हा विषय का निवडला आणि पुढे काय करावयाचे आहे, हे त्यात लिहावयाचे असते. आमची मुले येथे हमखास घसरतात. ‘लहानपणापासून मला गणिताची आवड आहे आणि मला मानवजातीची सेवा करावयाची आहे’, असा मजकूर ज्याच्यात्याच्या अर्जात असतो. तो वाचून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही.

त्याऐवजी या कन्येने असे करावे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची जिल्हावार तथ्यपत्रके कोणालाही मोफत मिळतात. त्यांतील पानिपत व सातारा या दोन जिल्ह्यांची पत्रके समोर घ्यावीत. २०१९–२१ च्या पाहणीत एकेका जिल्ह्यात सरासरीने सुमारे नऊशे घरे पाहिली होती. एवढ्या घरांतून गेल्या पाच वर्षांतील समजा तीनशे जन्म हाती आले, तर त्यांवरून काढलेले मुलींचे गुणोत्तर, खरे प्रमाण अगदी निसर्गनियमाप्रमाणे असले तरी, साडेसातशेपासून जवळजवळ बाराशेपर्यंत कोठेही पडू शकते. मग या दोन जिल्ह्यांची तुलना कितपत करावी? कोणती विधाने करता येतील आणि कोणती करता येणार नाहीत? एवढा विचार तिने स्वतःच्या शब्दांत दोन पाने लिहून काढला तर निवेदनाचा गाभा तयार झाला. आपल्या अंगणातला प्रश्न आणि त्याच्या उत्तरातील अडचण, ही जोडी हजार विशेषणांहून अधिक बोलते.

शिफारसपत्रे ज्यांनी आपल्याला खरोखर शिकविले अशा प्राध्यापकांची घ्यावीत. मोठ्या हुद्द्याच्या अपरिचित माणसाने लिहिलेल्या चार ओळींपेक्षा वर्गातील शिक्षकाने लिहिलेला एक प्रसंग अधिक वजनदार ठरतो. शिक्षकांना निदान एक महिना आधी विनंती करावी आणि गुणपत्रके व निवेदनाची प्रत त्यांच्या हाती द्यावी. ऐन वेळी दारात उभे राहून सही मागणे हे त्यांच्यावर अन्यायाचे आणि आपल्याला हानीचे आहे.

परदेशाचा विचार असेल तर वेळापत्रक ध्यानात ठेवावे. अमेरिकेत शरद ऋतूत सुरू होणाऱ्या वर्षासाठी बहुतेक अर्ज आदल्या डिसेंबर-जानेवारीतच स्वीकारतात. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जीवसांख्यिकीचा विभाग १९१८ पासून आहे, यावरून तिकडील परंपरा किती जुनी ते दिसते. तेथे एम.एस्सी.चा खर्च बहुधा विद्यार्थ्यालाच सोसावा लागतो. पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना मात्र पुष्कळदा शुल्कमाफी व निर्वाहवेतन मिळते. म्हणून ऐपत बेताची असेल तर येथे एम.एस्सी. करून मग तिकडे पीएच.डी.साठी जाणे शहाणपणाचे. तीन वर्षांची भारतीय पदवी काही विद्यापीठांना पुरते, काहींना सोळा वर्षांचे शिक्षण हवे असते. हे अर्जाचे शुल्क भरण्याआधीच पत्राने विचारून घ्यावे. जी.आर.ई. परीक्षेची सक्ती २०२० नंतर अनेक विभागांनी उठविली आहे, सर्वांनी नव्हे. अनुसूचित जातींतील विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आणि महाराष्ट्राची राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्ती आहे, त्यांची चौकशी अवश्य करावी. प्रवेशाची हमी देऊन पैसे उकळणाऱ्या दलालांपासून मात्र दूर राहावे. निवेदन लिहून देण्याचा धंदा करणाऱ्यांपासून तर शतपावलांनी! दुसऱ्याने लिहिलेले निवेदन घेऊन जो या शास्त्रात शिरतो त्याने आपला पहिलाच आकडा खोटा मांडला, असे समजावे.

उदरनिर्वाहाचे काय?

हा प्रश्न पालकांनी विचारलाच पाहिजे. नव्या औषधाची परीक्षा जीवसांख्यिकीच्या जाणकाराशिवाय पुरी होत नाही. त्यामुळे पुणे, मुंबई, हैदराबाद, बंगळूर येथील औषध कंपन्यांत व संशोधन-सेवा देणाऱ्या कंपन्यांत अशा माणसांना काम मिळते. वैद्यकीय महाविद्यालये, कर्करोग रुग्णालये, भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या संस्था आणि आरोग्य-पाहण्या करणाऱ्या संघटना ही आणखी क्षेत्रे. केंद्र सरकारच्या भारतीय सांख्यिकी सेवेसाठी संघ लोकसेवा आयोग स्वतंत्र परीक्षा घेतो, आणि पदवीला संख्याशास्त्र हा विषय असणारा विद्यार्थी तीस बसू शकतो. पत्रलेखकांच्या कन्येपाशी ही पात्रता पदवीबरोबरच येईल. शिकविण्याची आवड असेल तर महाविद्यालयाचे दार उघडेच आहे. तेव्हा आप्तेष्टांनी सुचविलेला शिक्षकी पेशा या वाटेवरही येतोच, फक्त तो दोन वर्षे पुढे येतो.

राहिला शेवटचा प्रश्न, मुलीला दूर धाडावे काय? खर्चाचे गणित घरच्यांनी बसून करावे आणि त्यात मुलीलाही सामील करून घ्यावे. संस्थेचे वसतिगृह, येण्याजाण्याचा प्रवास, सुट्टीत राहण्याची सोय यांची चौकशी आईने किंवा वडिलांनी स्वतः जाऊन केली तर मनाची निम्मी काळजी मिटते. पहिल्या वर्षी प्रवेश मिळाला नाही तर ते अपयश मानू नये. एक वर्ष गणित पक्के करण्यात गेले तर ते वाया जात नाही.

पण महाशय, एक विचार आपल्यापुढे ठेवावासा वाटतो. मुलीला जन्माला येऊ द्यावे आणि मुलीला शिकू द्यावे, ही दोन वाक्ये आपल्याच शहरात एका श्वासात उच्चारली गेली. पहिले वाक्य आपण कधीच पाळले आहे. आता दुसऱ्याची पाळी आहे. दर हजारी किती मुली जन्मल्या हे सांगणारा आकडा दर वर्षी निघेल, आणि तो खरा कसा वाचावा हे सांगणारी माणसे देशात थोडी आहेत. त्यांपैकी एक आपल्या घरात तयार होऊ पाहत आहे.

ज्या पानिपतच्या वार्तेत खुर्द्याची गणती लागली नव्हती, तेथूनच एक मराठी मुलगी ती गणती शिकावयास निघाली आहे. तिच्या अर्जावर पालकांची सही लागते त्या जागी आपण आनंदाने सही करावी, एवढीच विनंती.